छपरावरचं सोलर आणि ठेकेदाराचं काम: गोव्यातल्या घरमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घराच्या छपरावर सोलर बसवायला अनुदान देणारी पीएम सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली आणि पेडण्यापासून काणकोणपर्यंत घरांवर पॅनल दिसू लागले. अनुदान किती, अर्ज कुठे, याची माहिती आता कोणीही देतो. बसवलेलं काम नीट झालंय का हे कोण बघणार, यावर मात्र फार कमी बोललं जातं. लोक आम्हाला भेटतात ते बहुतेक वेळा काम उरकल्यावर, पहिल्या पावसात छप्पर गळायला लागलं की. हे प्रश्न काम सुरू होण्याआधी वाचले जावेत एवढीच इच्छा आहे.

अनुदान नेमकं किती आणि ते कोणाच्या हातात पडतं?

पहिल्या २ किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटला ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये. म्हणजे ३ किलोवॅटला ७८,००० रुपये आणि त्याच्या वर कितीही मोठं यंत्र बसवलं तरी तेवढेच. ही रक्कम थेट घरमालकाच्या बँक खात्यात येते. "सबसिडी आमच्याकडे जमा होते, तुम्ही फक्त सही करा," असं कोणी म्हणाला तर त्याच्याशी व्यवहार पुढे नेऊ नका. ओटीपी किंवा सही केलेला कोरा चेक तर कोणालाच देऊ नका.

५ किलोवॅटचा आग्रह धरणारे व्हेंडर, म्हणजे सोलर बसवणारे ठेकेदार, बरेच भेटतात. महिन्याला १५० ते ३०० युनिट वापरणाऱ्या घराला २ ते ३ किलोवॅट पुरतं, असं योजनेतच सांगितलेलं आहे. आधी वर्षभराची बिलं काढून बेरीज करा आणि मगच आकार ठरवा.

व्हेंडर सूर्यघर योजनेच्या पोर्टलवर नोंदवलेला आहे. म्हणजे त्याच्या कामाची हमी सरकारने घेतली का?

नाही. सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतो. नोंदणी म्हणजे त्याने कागदपत्रं आणि बँक हमी दिली, त्याला योजनेत काम करायची परवानगी मिळाली, इतकंच. त्याचे कामगार शिकलेले आहेत का, तो गोव्याच्या पावसाला ओळखतो का, हे नोंदणीवरून कळत नाही.

शिवाय नोंदणी एकाची आणि काम दुसऱ्याचं, हा प्रकार सर्रास चालतो. कोटेशनवर एका कंपनीचं नाव असतं, घरी येणारी पोरं तिसऱ्याच कोणाची असतात. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: काम तुमचीच माणसं करणार का? नसतील तर कोण? ते नाव करारात लिहून घ्या. त्याने आधी केलेली निदान दोन घरं, एक पावसाळा काढलेली, स्वतः जाऊन बघा. त्या घरच्या माणसाशी व्हेंडर समोर नसताना बोला.

वीज खात्याचा माणूस येऊन तपासतोच ना?

येतो. पण तो काय तपासायला येतो ते समजून घ्या. त्याची जबाबदारी मुख्यतः ग्रीडची: नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा) बरोबर जोडलाय का, इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरच्या वापराजोगी करणारा) मान्य केलेल्या क्षमतेचा आहे का, लाईन बंद झाली की तो वीज परत सोडायचं थांबवतो का. खांबावर चढलेल्या लाईनमनचा जीव या शेवटच्या गोष्टीवर अवलंबून असतो, म्हणून ही तपासणी महत्त्वाचीच आहे. पण कौलाखालचा वासा चिरला का, स्लॅबमध्ये बोल्ट ठोकताना वॉटरप्रूफिंग फुटलं का, हे तो बघत नाही आणि ते त्याचं कामही नाही.

१० किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना आता तांत्रिक तपासणीशिवायच मान्यता मिळाल्याचं धरलं जातं. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत तशी दुरुस्ती झाली. काम पूर्ण झाल्याचा दाखला दिल्यावर १५ दिवसांत करार, मीटर आणि जोडणी व्हायला हवी, असंही त्या नियमांत आहे. कामाचा वेग वाढला हे बरं झालं. त्याच्याबरोबर डोळ्यांत तेल घालून बघणारा माणूस मात्र वाढला नाही.

मग दर्जा बघण्याची जबाबदारी कोणाची?

कागदावर साखळी आहे. देशपातळीवर आरईसी ही संस्था योजना राबवते, राज्यात वीज वितरण करणारी यंत्रणा, म्हणजे आपल्याकडे गोवा वीज खातं. नमुन्यादाखल काही घरांची प्रत्यक्ष पाहणी करण्याची तरतूदही आहे. बाकीच्या घरांसाठी आधार उरतो तो व्हेंडरने पोर्टलवर चढवलेल्या फोटोंचा. फोटोत पॅनल दिसतात, पण बोल्ट किती घट्ट आहे ते दिसत नाही.

सरकारी पैशाच्या कामावर अशी ढिली देखरेख ठेवल्याची बाहेरच्या देशांत मोठी किंमत मोजली गेली आहे. ऑस्ट्रेलियाने २००९ मध्ये घरांच्या माळ्यावर उष्णतारोधक थर बसवायला सरकारी पैसा दिला. रातोरात कंपन्या उभ्या राहिल्या, नवखी पोरं माळ्यावर चढली. काही ठिकाणी धातूची पातळ फॉइल आणि धातूचेच स्टेपल वापरताना ते चालू तारांना लागले. ४ तरुण कामगार गेले, तिघे विजेच्या धक्क्याने आणि एक उष्माघाताने. फेब्रुवारी २०१० मध्ये योजना बंद करावी लागली आणि पुढे रॉयल कमिशनची चौकशी झाली. ब्रिटनमध्ये तर प्रमाणपत्रं, मानकं, देखरेखीच्या संस्था, सगळं होतं. तरी तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं की दोन सरकारी योजनांतून भिंतींना बाहेरून बसवलेल्या इन्सुलेशनपैकी ९८ टक्के कामात मोठे दोष आहेत. ही २२ ते २३ हजार घरं आहेत. दोष राहिला तर भिंतीत ओल आणि बुरशी धरते.

आपल्या हवेत ओलीचा त्रास नवीन नाही, म्हणून हे उदाहरण मला जवळचं वाटतं. माझं ठाम मत आहे की दर दहा घरांतल्या एका घराच्या छपरावर, व्हेंडरला आधी न कळवता, तपासनीस स्वतः चढला पाहिजे. आणि त्या तपासनीसाचा पगार व्हेंडरकडून येता कामा नये. हे होईपर्यंत घरमालकालाच पुढे व्हावं लागेल.

करारात काय असायलाच हवं?

पोर्टलवर नमुना करार आहे, तोच वापरा. व्हेंडरने स्वतःचा छापील कागद पुढे केला तर दोन्ही शेजारी ठेवून वाचा. ५ वर्षांची संपूर्ण देखभाल व्हेंडरवर बंधनकारक आहे, ती वगळलेली नाही ना ते बघा. पॅनल, इन्व्हर्टर, केबल यांची कंपनी आणि मॉडेल स्पष्ट लिहिलेलं हवं. "अमुक किंवा तत्सम" हे शब्द खोडून टाका.

नमुना करारात नसलेली एक ओळ गोव्यात मी नक्की घालायला सांगतो: काम झाल्यानंतर पहिल्या पूर्ण पावसाळ्यात बसवलेल्या जागी गळती झाली तर ती व्हेंडरने स्वखर्चाने काढायची. प्रामाणिक व्हेंडर याला नाही म्हणत नाही. जो नाही म्हणतो त्याच्याकडून काम करून घेऊ नका.

पैसे कसे द्यावेत?

टप्प्याटप्प्याने. हप्ते दोघांनी मिळून ठरवायचे असतात, सरकारने ते ठरवून दिलेले नाहीत. सुरुवातीला थोडी आगाऊ रक्कम, माल घरी पोचून अनुक्रमांक तपासल्यावर मोठा हप्ता, आणि निदान दहा ते पंधरा टक्के रक्कम नेट मीटर बसून सगळे कागद हातात येईपर्यंत राखून ठेवा. कर्ज घेतलं असेल तर बँक बहुधा व्हेंडरला थेट पैसे देते. शाखेत जाऊन लेखी द्या की शेवटचा हप्ता माझं पत्र आल्याशिवाय सोडू नये. घरमालकाच्या हातात खरी ताकद असते ती इथेच. पैसे पूर्ण दिल्यावर चार फोन करूनही माणूस येत नाही, हा अनुभव इतक्या लोकांनी सांगितला आहे की यावर आम्ही अडूनच बसतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या दराचं कोटेशन दाखवत असतील तर विचारा.

आमचं घर जुनं, मंगळुरी कौलांचं आहे. त्यावर बसेल का?

बसतं, पण या कामाला हात वेगळा लागतो. आधी वासे आणि रीप तपासायला गावातला जुना सुतार बोलवा. वाळवी लागलेल्या वाशावर पॅनलचं वजन आणि वाऱ्याची ओढ येऊ देऊ नका. कौल बाजूला सरकवून लोखंडी हूक थेट वाशाला बसवायचा आणि कौल परत जागेवर ठेवायचं, ही योग्य पद्धत. कौलाला भोक पाडून वरून सिलिकॉन भरणारा माणूस आला तर काम तिथल्या तिथे थांबवा, कारण ते सिलिकॉन गोव्याच्या उन्हात एक-दोन वर्षांत सुकून सुटतं.

चालताना किती कौलं फुटली याचाही हिशेब व्हेंडरकडूनच घ्या. तशी जुनी कौलं आता सहज मिळत नाहीत. स्लॅबवर पत्र्याची शेड असेल तर पत्र्याला आरपार स्क्रू मारण्यापेक्षा घडीला धरणारे क्लॅम्प चांगले. स्क्रूच मारायचे तर ते पत्र्याच्या उंचवट्यावर, खळगीत नाही, आणि प्रत्येकाखाली रबरी वॉशर हवा.

समुद्राजवळ राहतो. गंजाचं काय?

हरमल, मोरजी, कोलवा, आगोंद इथल्या लोकांना हा प्रश्न आधी पडायला हवा. ढाचा गरम जस्तात बुडवून काढलेल्या लोखंडाचा किंवा ॲल्युमिनियमचा असावा, नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे. खरी चूक होते ती जागेवर. चॅनेल लांब पडला म्हणून पोरं ग्राइंडरने कापतात, नवीन भोक पाडतात. कापलेल्या कडेला जस्ताचा थर राहत नाही. तिथे लगेच जस्ताचा रंग दोन हात मारावा लागतो आणि तो बहुतेक वेळा विसरला जातो. ऑक्टोबरमध्ये वर चढून बघा: जिथे कापलं, तिथूनच नारिंगी ओघळ खाली आलेला दिसेल, बाकीचा चॅनेल तसाच चकचकीत असेल. तो ओघळ दिसला की फोटो काढून त्याच दिवशी व्हेंडरला लेखी कळवा.

पॅनल खाऱ्या हवेच्या चाचणीतून गेलेला आहे का, हेही विचारा. तिचं मानक आयईसी ६१७०१ आहे. ढाचा ताशी १५० किलोमीटर वाऱ्याला टिकेल असा असला पाहिजे. १६ मे २०२१ च्या तौक्ते वादळात आपल्याकडे खांब आणि झाडं कशी पडली, हे आठवत असेल तर हा आकडा मोठा वाटणार नाही.

अर्थिंग झालंय हे मला कसं कळणार?

मोजून. मातीत गेलेली तांब्याची पट्टी नुसती बघून काही कळत नाही. तीन वेगळी अर्थिंग लागतात: पॅनलच्या बाजूचं, घरच्या पुरवठ्याच्या बाजूचं आणि आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या वीजरोधकाचं. तपासनीस अर्थिंगच्या खड्ड्यापासून अंतरावर जमिनीत दोन खिळे ठोकतो, अर्थ टेस्टरच्या तारा जोडतो आणि ओहममध्ये आकडा वाचतो. तो ५ ओहमच्या आत हवा.

आपली माती जांभ्याची आहे आणि ही गोष्ट फार थोडे लोक ध्यानात घेतात. जुलैत ओल्या मातीत आकडा सुरेख येतो. एप्रिलमध्ये तीच माती कोरडी ठणठणीत होते आणि आकडा कितीतरी वर जातो. विजांचा कडकडाट तर मे आणि ऑक्टोबरमध्येच जास्त. म्हणून पावसाळ्यात काम झालं असेल तर उन्हाळ्यात एकदा पुन्हा मोजून घ्या, आणि तसं करारात लिहा. आकडा, तारीख आणि मोजणाऱ्याची सही असलेला कागद मागून ठेवा.

अनुदानासाठी पॅनल भारतीयच लागतो का?

हो, त्यातले सेलसुद्धा भारतात बनलेले हवेत. माल उतरवताना प्रत्येक पॅनलमागचा अनुक्रमांक मोबाईलवर टिपा आणि व्हेंडरच्या डीसीआर प्रमाणपत्राशी (माल भारतात बनल्याचा दाखला) ताडून बघा. एकदा वर चढवले की मागची बाजू वाचता येत नाही.

वीज किती यायला हवी? कमी येते हे कसं ओळखायचं?

साधा हिशेब असा. फेब्रुवारी-मार्चच्या निरभ्र दिवशी गोव्यात एका चौरस मीटरवर साडेपाच युनिटच्या आसपास ऊन पडतं. ३ किलोवॅट गुणिले ५.५ म्हणजे १६.५. काम चालू करताना यंत्राने निदान ७५ टक्के कामगिरी दाखवली पाहिजे, अशी अट आहे. म्हणजे दिवसाला १२ युनिटच्या वर आकडा दिसायला हवा. लागोपाठ काही स्वच्छ दिवस तो ८-९ वर अडकला तर काहीतरी चुकलं आहे. जुलैमध्ये मात्र घाबरून जाऊ नका, तेव्हा दिवस दिवस सूर्य दिसत नाही.

बऱ्याच वेळा कारण सावली असतं. दुपारी तीननंतर शेजारच्या माडाची सावली एका पॅनलवर पडली तरी त्या रांगेतल्या सगळ्यांचा जोर उतरतो. पाहणीला सकाळी येऊन पाच मिनिटांत निघून गेलेल्या व्हेंडरला हे कसं कळणार? पाहणी दुपारी करायला सांगा, आणि डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेला कललेला असतो तेव्हा सावली कुठवर येईल हेही विचारा.

लाईट गेली की सोलरही बंद पडतं. हा दोष आहे का?

नाही, ते तसंच हवं. उलट याची चाचणी तुम्हीच घ्या. व्हेंडर समोर असताना मेन स्विच बंद करायला सांगा. इन्व्हर्टर दोन सेकंदांत थांबला पाहिजे. लाईट परत आल्यावर तो लगेच सुरू होत नाही, थोडा थांबून तपासून मग सुरू होतो. लाईट नसताना वीज हवी असेल तर बॅटरी लागते आणि तिचा खर्च वेगळा.

काम करताना कामगार पडला तर?

हा प्रश्न आम्हाला क्वचितच कोणी विचारतो, म्हणून तो आम्हीच घालतो. उतरत्या, शेवाळलेल्या कौलांवर दोरी आणि पट्ट्याशिवाय कोणालाही चढू देऊ नका, मग तो कितीही म्हणो की मला सवय आहे. कामगारांच्या विम्याचा कागद काम सुरू होण्याआधी मागा. पावसाची सर आली तर काम थांबवायचं. तुमच्या घाईपायी कोणाच्या पोराचा जीव जाता कामा नये.

मीटर अजून आजोबांच्या नावावर आहे. अडचण येईल का?

येते, आणि गोव्यात ती फार घरांत येते. अर्जदार, वीजजोडणी आणि बँक खातं यांवरचं नाव जुळायला हवं. वाटण्या न झालेली घरं, परदेशी असलेले भाऊ, मुंडकाराची (भाटकाराच्या जमिनीवर राहणाऱ्याची) घरं, यांत आधी मीटरचं नाव बदलून घेणं सोयीचं. "नावाचं आम्ही बघून घेतो" म्हणत काम सुरू करणाऱ्या व्हेंडरवर विसंबू नका. पॅनल बसून, पैसे जाऊन अनुदान लटकलं की तो हात वर करतो.

तक्रार कुठे करायची?

कशाबद्दल आहे त्यावर ठरतं. मीटर, मान्यता, बिलातला हिशेब अशा बाबतीत वीज खात्याच्या उपविभागात लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर शिक्का घ्या. दाद नाही मिळाली तर खात्याचा ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर संयुक्त वीज नियामक आयोगाचा लोकपाल.

व्हेंडरने निकृष्ट काम केलं, माल बदलला, देखभालीला आला नाही, तर आधी सूर्यघर पोर्टलवर तक्रार नोंदवा. १५५५५ हा योजनेचा मदत क्रमांक आहे. त्याच वेळी वीज खात्यालाही कळवा, कारण नोंदणीवर कारवाई त्या वाटेने होते. भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. उत्तर आणि दक्षिण गोव्यासाठी वेगवेगळे जिल्हा आयोग आहेत, ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील घेतलाच पाहिजे असं नाही. मुदत दोन वर्षांची. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५.

तोंडी तक्रारीला किंमत नसते. व्हॉट्सॲपवर पाठवलं तरी चालेल, पण तारीख, फोटो आणि काय हवंय ते स्पष्ट लिहा.

एकट्याने भांडण्यापेक्षा गावाने मिळून काही करता येतं का?

येतं, आणि गोव्याची ग्रामसभा यासाठी चांगली जागा आहे. वार्डात ज्यांनी सोलर बसवलं त्यांची यादी करा: व्हेंडर कोण, किती महिने झाले, गळती आहे का, तक्रारीनंतर किती दिवसांनी आला. ही यादी ग्रामसभेत वाचून दाखवली की पुढच्या दहा घरांना निवड सोपी जाते आणि व्हेंडरलाही कळतं की इथले लोक एकमेकांशी बोलतात. नमुना तपासणीसाठी आपल्या पंचायतीतली काही घरं घ्यावीत, असा ठराव करून वीज खात्याला पाठवता येतो. आरडाओरड लागत नाही. ठरावाची नोंद सचिवाने घेतली की तो कागद पुढे कामाला येतो.

५ वर्षांची देखभाल संपत आली. काय करायचं?

संपण्याच्या सहा महिने आधी, कोरड्या हवेत, पूर्ण तपासणी लेखी मागा: अर्थिंगचे तिन्ही आकडे, सगळे बोल्ट पुन्हा आवळलेले, केबलची आवरणं उन्हाने तडकलेली नाहीत ना, सर्ज, म्हणजे विजेचा अचानक वाढणारा दाब, रोखणाऱ्या उपकरणाची खिडकी हिरवी आहे की लाल, कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय का. त्यात जे निघेल ते करारातच दुरुस्त होतं, मुदत उलटल्यावर त्याचेच पैसे द्यावे लागतात. इन्व्हर्टरची आणि पॅनलची हमी कंपनीकडून वेगळी असते. त्यांची कार्डं तुमच्या नावावर नोंदवलेली आहेत का, हे याच वेळी तपासा. व्हेंडरने दुकान गुंडाळलेलं असेल तर कंपनीच्या सेवा केंद्राला थेट अनुक्रमांक कळवा, हमी व्हेंडरबरोबर संपत नाही.